दोन नावे, एक चावी : पुण्यातून डेबियन डेव्हलपर होताना

ऑक्टोबर २०२५ मध्ये डेबियनच्या यंत्रणेत माझे खाते उघडले गेले आणि मी त्या प्रकल्पाची रीतसर सदस्य, म्हणजे तिथल्या भाषेत 'डेबियन डेव्हलपर', झाले. त्यानंतर पुण्यातल्या काही मुलींनी आणि माझ्या वयाच्या दोघीतिघींनी हे नेमके कसे करायचे असे विचारले. प्रत्येकीला फोनवर सांगताना काही ना काही राहून जात होते, म्हणून सगळे क्रमाने लिहून काढते आहे. प्रक्रियेची अधिकृत माहिती प्रकल्पाच्या संकेतस्थळावर सविस्तर दिलेली आहे. परंतु अर्ध्या वाटेत लग्न होऊन नाव बदलले आणि मध्ये काही वर्षांचा खंड पडला, तर आधी केलेल्या कामाचे काय होते, हे तिथे कुणी लिहिलेले मला आढळले नाही. माझा बराचसा वेळ त्यातच गेला.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डेबियन ही लिनक्सवर आधारित, संपूर्णपणे स्वयंसेवकांनी चालवलेली संगणकप्रणाली आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये ती सुरू केली, आणि आज उबुंटूसारख्या अनेक प्रणाली तिच्याच पायावर उभ्या आहेत. काम कुणीही करू शकते, परंतु मतदानाचा आणि स्वतःच्या जबाबदारीवर कोणतेही पॅकेज, म्हणजे संगणकावर स्थापित करता येईल असे बांधून ठेवलेले सॉफ्टवेअर, अपलोड करण्याचा अधिकार जगभरातल्या सुमारे हजार सदस्यांनाच आहे. त्या हजारांत येण्यासाठी अर्ज, शिफारस, ओळख पटवणे, प्रश्नोत्तरे आणि अंतिम मंजुरी असे टप्पे आहेत.

माझी सुरुवात २०१४ मध्ये झाली. मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नुनिफाय' हा मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा, मेळावा दरवर्षी भरत असे. महाविद्यालयातल्या मैत्रिणींबरोबर मी तिथे गेले आणि मराठी भाषांतराच्या कामाला लागले. एखादे पॅकेज स्थापित होताना वापरणाऱ्याला जे प्रश्न विचारले जातात, ते मराठीत आणण्याचे हे काम होते. भाषांतराच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर 'शेवटचा अनुवादक' अशी एक ओळ असते. नंतर कुणी दोन शब्द जरी सुधारले, तरी त्या ओळीत त्याचे नाव येते आणि आधीच्या माणसाचे नाव, कुणी आठवणीने टिपून ठेवलेच, तर खालच्या टीपेत जाते. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नव्हते. पुढे अर्जासाठी आपल्या कामाचे पुरावे गोळा करायला बसले, तेव्हा माझी अशी कितीतरी भाषांतरे मला स्वतःलाच शोधून काढावी लागली.

त्या काळात आपण किती थोड्या आहोत याची मला कल्पना नव्हती. युरोपीय आयोगाच्या निधीतून २००६ मध्ये झालेल्या 'फ्लॉसपोल्स' या अभ्यासात मुक्त सॉफ्टवेअर समुदायांतील स्त्रियांचे प्रमाण सुमारे दीड टक्का निघाले होते. मालकी हक्काचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या उद्योगात तेच प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे प्रोग्रॅमिंग येणाऱ्या बायका नव्हत्याच असे कुणाला म्हणता येणार नाही. गिटहब या एकत्र प्रोग्रॅम लिहिण्याच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये केलेल्या सर्वेक्षणातही उत्तर देणाऱ्यांत स्त्रिया तीन टक्केच होत्या. डेबियनमध्ये २००४ पासून 'डेबियन विमेन' हा गट आहे, आणि मी पहिला प्रश्न विचारण्याचे धाडस केले ते त्यांच्याच गप्पांच्या चॅनलवर.

२०१५ ते २०१७ या काळात मी पॅकेजिंग शिकले. तेव्हा भारतातल्या अनेकांचे हात गिटलॅब हे प्रोग्रॅम ठेवण्याचे सॉफ्टवेअर डेबियनमध्ये आणण्याच्या कामात गुंतले होते. त्याला रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या शेकडो लहानमोठ्या लायब्ररी, म्हणजे तयार तुकडे, लागतात आणि त्यातली एकेक लायब्ररी नवशिक्याला देता येते. केरळमधले एक डेव्हलपर माझे काम तपासून माझ्या वतीने अपलोड करत असत. अशा माणसाला तिथे 'स्पॉन्सर' म्हणतात. ज्यांना आज सुरुवात करायची आहे त्यांनी याच मार्गाने यावे असे मी सुचवेन. एकटीने मोठे पॅकेज अंगावर घेण्यापेक्षा रुबी, पायथन, जावास्क्रिप्ट किंवा फॉन्ट यांपैकी एखाद्या चमूत शिरावे, म्हणजे तपासणारी माणसे आपोआप मिळतात.

यातला एक भाग मला विशेष आवडतो आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. प्रत्येक पॅकेजमध्ये 'कॉपीराइट' नावाची एक फाइल असते. मूळ सॉफ्टवेअरच्या प्रत्येक फाइलचे हक्क कुणाकडे आहेत, कोणत्या सालापासून आहेत आणि परवाना कोणता आहे, हे तिच्यात लिहावे लागते. 'लायसन्सचेक' हे साधन बरेच काम करून देते, पण कुठल्यातरी उपफोल्डरमध्ये, चाचणीच्या फाइलच्या तळाशी, दहा वर्षांपूर्वी चार ओळी लिहिलेल्या कुणाचे तरी नाव असतेच. नवे पॅकेज 'न्यू' या रांगेत गेले की तिथले तपासनीस हीच फाइल सर्वांत बारकाईने पाहतात, आणि हक्कधारकाचे नाव गाळल्यामुळे पॅकेज परत येणे ही नित्याची गोष्ट आहे. या रांगेत कधी आठवडा तर कधी काही महिने जातात, त्यामुळे सगळी नावे पहिल्याच वेळी नीट शोधावीत. एका छोट्या लायब्ररीच्या फाइली चाळताना मला एका बाईंचे नाव एकाच फाइलमध्ये मिळाले. त्यांनी पुढे काही लिहिलेले दिसत नव्हते, पण आजही ते पॅकेज जिथे जिथे स्थापित होते, तिथे त्यांचे नाव त्या यंत्राच्या डिस्कवर जाते.

डिसेंबर २०१७ मध्ये माझे लग्न झाले. नाव बदलण्याची सासरी कुणी सक्ती केली नाही. परंतु गृहकर्जाच्या कागदांवर दोघांचे आडनाव एक असलेले बरे, पुढे मुलांच्या शाळेत प्रश्न येत नाहीत, असे बँकेतल्या ओळखीच्या माणसापासून माझ्या आईपर्यंत सगळ्यांनी सांगितले आणि मीही फारसा विचार न करता आधार, पॅन, बँक, पासपोर्ट असे सगळे बदलून घेतले. आपल्याकडे बदलते ते नुसते आडनाव नसते. मधले वडिलांचे नावही जाऊन तिथे नवऱ्याचे येते, म्हणजे तीन शब्दांपैकी दोन बदलतात. जुन्या आडनावाचा ईमेल पत्ताही हळूहळू बंद पडला. २०१९ मध्ये मुलगी झाली आणि डेबियनचे काम पूर्ण थांबले.

जानेवारी २०२२ मध्ये मी परतले. एका जुन्या पॅकेजची नवी आवृत्ती तयार करायला घेतली. बदलांची नोंद 'चेंजलॉग' नावाच्या फाइलमध्ये होते, आणि ती नोंद सुरू करून देणारे एक साधन आहे. हे साधन तुमचे नाव आणि ईमेल पत्ता पॅकेजच्या पालकांच्या, म्हणजे ते सांभाळणाऱ्यांच्या, यादीत आहे का ते पाहते. नसल्यास ते पहिली ओळ स्वतःच लिहून टाकते, की हे काम पालक नसलेल्या व्यक्तीने केलेले आहे. यादीत मी होते, पण जुन्या नावाने. त्यामुळे माझ्याच पॅकेजमध्ये मी परकी असल्याची ओळ पडद्यावर आली. साधनाची काही चूक नव्हती, ते नेमून दिलेले काम करत होते. दोन ओळी बदलल्या की ते मिटतेही. पण त्या दिवशी मी कामाचा हिशेब काढला, तेव्हा लक्षात आले की डेबियनच्या दृष्टीने आम्ही दोघी होतो : २०१४ ते २०१७ दरम्यान बरेच काम करून नाहीशी झालेली एक, आणि २०२२ मध्ये नव्याने उगवलेली, जिच्या खात्यावर काहीच जमा नव्हते अशी दुसरी.

या समुदायात पदव्या, हुद्दे, वय असे काही विचारले जात नाही आणि ते मला मनापासून पसंत आहे. परंतु मग माणसाची पत उरते ती नावासमोर साठलेल्या कामात. ते नावच वाटेत बदलले तर पत मागे राहते, आणि आपल्याकडे नाव बदलण्याची वेळ कुणावर येते हे सांगायला नको. माझ्याबरोबर शिकलेल्या, तेवढेच काम केलेल्या एका मित्राला सदस्यत्वासाठी आपली दहा वर्षे दाखवताना एकही स्पष्टीकरण द्यावे लागले नाही.

कोणते नाव पुढे ठेवायचे हा निर्णय सोपा नव्हता. नुसती आद्याक्षरे वापरावीत असाही विचार मनात आला, कारण मग पुरुष की बाई हा प्रश्नच येत नाही. अनोळखी लोकांची पत्रे तशीही 'डिअर सर' अशीच येत. गिटहबवरील लाखो बदलप्रस्तावांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात एकूण पाहता स्त्रियांचे प्रस्ताव पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात स्वीकारले गेले होते, सुमारे ७९ टक्के विरुद्ध ७५ टक्के. मात्र प्रकल्पाला अनोळखी असलेल्या व्यक्तींपुरते पाहिले, तर जिथे लेखिका स्त्री आहे हे ओळखू येत होते तिथे त्यांचे स्वीकृतीचे प्रमाण घसरले होते. आद्याक्षरे वापरण्यामागचा व्यवहार त्यातून स्पष्ट दिसतो. तरीही मी तो मार्ग घेतला नाही. आपल्याआधी इथे कुणी बाई होती हे नवीन मुलीला दिसण्याचा दुसरा उपाय नाही, आणि मला तर माझ्या जुन्या कामाशी नाते सांगायचेच होते. शेवटी स्वतःचे नाव आणि माहेरचे आडनाव हे सार्वजनिक नाव ठेवायचे ठरवले. घरी सांगितले तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, "कामावर कुठलं का असेना, लाइट बिलावर आपलं राहू दे." लाइट बिल आजही सासऱ्यांच्या नावावर आहे.

त्यानंतर जोडाजोडीची कामे सुरू केली. तीच तुमच्या सर्वांत उपयोगाची आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात प्रत्येक बदल लेखकाच्या नावासकट गोठवलेला असतो. नाव बदलायला गेलात तर त्या बदलाचा आणि त्यानंतरच्या सगळ्या बदलांचा ओळखक्रमांक बदलतो, त्यामुळे जुना इतिहास कुणी पुन्हा लिहू देत नाही. त्यासाठी 'मेलमॅप' नावाची एक साधी फाइल असते. त्यात एका ओळीत हवे ते नाव व पत्ता आणि त्यापुढे जुने नाव व पत्ता लिहिला, की याद्या आणि आकडेवारी काढताना गिट दोन्ही एकाच व्यक्तीचे धरते. ज्या प्रकल्पांत माझे काम होते तिथे मी ही ओळ पाठवली आणि कुठेही कुणी कारण विचारले नाही. पॅकेजांच्या पालक-यादीतले नाव पुढच्या अपलोडबरोबर दुरुस्त झाले. डेबियनची योगदानकर्त्यांची जी यादी आहे, तिथेही दोन्ही पत्ते एकाच व्यक्तीचे म्हणून जोडून घेतले. जुना ईमेल पत्ता मात्र हातात असू द्या. माझा बंद पडलेला पत्ता पुन्हा सुरू करून घेण्यात बराच काळ गेला. लग्न ठरलेल्या मुलींना माझे सांगणे आहे की बाकी काय बदलायचे ते बदला, पण कामाचा ईमेल आडनावावर बेतलेला ठेवू नका.

नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपण फावल्या वेळात लिहिलेल्या प्रोग्रॅमवरही कंपनीचा हक्क सांगणारे कलम नेमणूकपत्रात असू शकते. मी आधी नेमणूकपत्र वाचले आणि मग मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर लेखी संमती घेतली. ती मिळायला काही महिने लागले, त्यामुळे हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करावे.

ओळख पटवण्यासाठी डेबियनमध्ये जीपीजीची चावी लागते. ही दोन भागांची सांकेतिक चावी असते. खासगी भाग आपल्याजवळ आणि सार्वजनिक भाग सर्वांसाठी खुला. ती खरोखर आपलीच आहे याची ग्वाही म्हणून दुसरे लोक आपल्या चावीने तिच्यावर स्वाक्षरी करतात. मी मुख्य चावी इंटरनेट नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर तयार केली, तिच्या प्रती दोन पेनड्राइव्हवर घेऊन एक घरी आणि एक आईकडे ठेवली, आणि रोजच्या वापरासाठी उपचाव्या वेगळ्या केल्या. पेनड्राइव्हचा खर्च हजार रुपयांच्या आत होता. पाच-सहा हजारांचे हार्डवेअर टोकन, म्हणजे चावी साठवणारे छोटे उपकरण, घेण्याचा सल्ला अनेक जण देतात; चांगलेच आहे, पण सक्तीचे नाही. चावी रद्द करण्याचे प्रमाणपत्र त्याच वेळी काढून ठेवावे. आणि मुख्य म्हणजे एका चावीवर एकापेक्षा अधिक नावे नोंदवता येतात, आणि स्वाक्षरी करणारा प्रत्येक नावावर वेगवेगळी स्वाक्षरी करतो. मी दोन्ही नावे नोंदवली.

सदस्यत्वासाठी या चावीवर निदान दोन विद्यमान डेव्हलपरांच्या स्वाक्षऱ्या असाव्यात अशी अपेक्षा असते, आणि त्या सहसा समोरासमोर भेटून, सरकारी ओळखपत्र पाहून दिल्या जातात. पुण्यात बसून हे कठीण होते. ज्याला वर्षातून एक-दोन परिषदा करता येतात, त्याला या स्वाक्षऱ्या चहा पिता पिता मिळतात. लहान मूल असलेल्या बाईला त्यासाठी घराची घडी बसवून निघावे लागते. सुदैवाने २०२३ ची डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनची वार्षिक जागतिक परिषद, १० ते १७ सप्टेंबर या काळात कोचीला होती. व्हिसाचा प्रश्न नव्हता. नोंदणी विनामूल्य असते, आणि राहण्या-जेवणासाठी व प्रवासासाठी आर्थिक साहाय्य मागता येते. प्रकल्पात ज्यांचे प्रमाण कमी आहे अशांसाठी त्यात वेगळी तरतूदही असते. मी राहण्या-जेवणाचे साहाय्य मागितले आणि ते मिळाले. पूर्णा एक्स्प्रेसच्या तृतीय वातानुकूलित डब्याचे भाडे एका बाजूला दोन हजारांच्या आसपास पडले. मुलगी आईकडे राहिली.

निघण्याआधी चावीच्या ठशाच्या चिठ्ठ्या छापाव्या लागतात. हा ठसा चाळीस अक्षरांचा असतो, चार-चारच्या दहा गटांत लिहिलेला, आणि समोरचा माणूस ती चिठ्ठी घरी नेऊन आपल्या संगणकावरच्या चावीशी ताडून पाहतो. अप्पा बळवंत चौकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी एका कागदावर बारा चिठ्ठ्या बसवून प्रती काढल्या. दुकानातल्या काकांनी कटरवर कागद कापता कापता एक चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि विचारले, "मॅडम, लकी ड्रॉ आहे का?" मी ओळखपत्रासारखे काहीतरी आहे असे सांगितले. त्यावर त्यांनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "पण मग यावर दोन बायकांची नावं कशी?"

कोचीतही तोच प्रश्न आला, अर्थात अधिक सभ्य शब्दांत. मी दोन्ही पासपोर्ट नेले होते : नव्या नावाचा चालू असलेला, आणि माहेरच्या नावाचा जुना, कोपरा कापून रद्द केलेला. नवा पासपोर्ट देताना आपल्याकडे जुने पुस्तक असे परत मिळते. ते कधीही टाकू नका. जन्मतारीख आणि जन्मस्थळ दोन्हींत तेच असते. काहींनी दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि दोन्ही नावांवर स्वाक्षरी देण्याचे मान्य केले. काहींनी रद्द झालेले कागदपत्र ओळखपत्र म्हणून धरणार नाही असे शांतपणे सांगितले आणि फक्त नव्या नावावर स्वाक्षरी दिली. प्रकल्पाचा यात एकच ठोकळेबाज नियम नाही, प्रत्येक जण आपापल्या निकषांवर ठरवतो, आणि ते योग्यच आहे. एका जर्मन बाईंनी तर पासपोर्ट पाहून झाल्यावर आपलाच पुढे केला. त्यांचेही लग्नाआधीचे नाव त्यात छापलेले होते. जर्मन पासपोर्टात जन्माच्या आडनावासाठी वेगळी सोय असते. आपल्या पासपोर्टात ती असती तर माझे काम एका मिनिटात झाले असते. पुढच्या काही आठवड्यांत स्वाक्षऱ्या सांकेतिक ईमेलने आल्या. दोन्ही नावांवर पुरेशा झाल्या.

त्या परिषदेत बायका दिसत होत्या, व्यासपीठावर आणि आयोजनातही. परिषद भारतात आणण्यात आणि पार पाडण्यात पुढे असलेल्या श्रुती चंद्रन यांनी २०२० मध्ये डेबियनच्या प्रकल्पप्रमुखपदाची निवडणूक लढवली होती, आणि प्रकल्पातील विविधतेचा प्रश्न चर्चेत आणणे हा आपला हेतू असल्याचे उघडपणे मांडले होते. नंतरही त्या पुन्हा उभ्या राहिल्या. निवडणुकीतली भाषणे, प्रश्नोत्तरे, सगळे सार्वजनिक असते. इच्छुकांनी ते जरूर वाचावे.

जानेवारी २०२४ मध्ये मी 'डेबियन मेंटेनर' या मधल्या पायरीसाठी अर्ज केला. ही पायरी सक्तीची नाही, पण नेमून दिलेली पॅकेजे स्वतः अपलोड करण्याची सवय होते. अर्ज, एका डेव्हलपरची शिफारस, स्वाक्षरी केलेले प्रतिज्ञापत्र, आणि मग प्रकल्पाने मान्य केलेल्या चाव्यांचा संच अद्ययावत होण्याची वाट पाहणे. तो साधारण महिन्यातून एकदा होतो. यात अडचण काहीच आली नाही.

मुख्य अर्ज फेब्रुवारी २०२५ मध्ये केला. त्याआधी पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला होता, की अपलोडचा अधिकार नसलेले सदस्यत्व घ्या, तुमचे काम भाषांतराचेच तर आहे. हे सदस्यत्व दुय्यम नाही, हे आधी स्पष्ट करते. पॅकेजिंग न करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्य करून घ्यावे असा ठराव डेबियनने २०१० मध्ये मतदानाने संमत केला आणि त्यांना मताचा अधिकार सारखाच आहे. भाषांतर, दस्तऐवज, परिषदांचे आयोजन हेच तुमचे काम असेल तर अवश्य त्याच मार्गाने जा. माझी हरकत एवढीच होती, की मी अनेक वर्षे पॅकेजे सांभाळत होते आणि ते त्या गृहस्थांना माहीत होते.

अर्जात आपला परिचय लिहावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. मी पहिल्याच परिच्छेदात दोन्ही नावे, दोन्ही काळ आणि मधला खंड सरळ लिहिला. खंडाचे कारण एका वाक्यात. डेबियनचा सामाजिक करार, मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वे आणि यंत्रांच्या वापराचे नियम मान्य असल्याचे निवेदन चावीने स्वाक्षरी करून द्यावे लागते. शिफारसपत्रही सार्वजनिक असते. शिफारस करणाऱ्यांना आपण कोणकोणती कामे केली याची यादी पाठवायला लाजू नये. माझ्या शिफारसपत्रात पॅकेजांइतकाच, दोषनोंदी तपासून निकाली काढण्याच्या कामाचा उल्लेख आला, तो मी यादीत लिहिला होता म्हणून. असे काम एरवी कुणाच्या नजरेस पडत नाही.

त्यानंतर अर्जदाराला एक 'अॅप्लिकेशन मॅनेजर', म्हणजे प्रश्न विचारून अहवाल देणारा सदस्य, नेमून दिला जातो. तोही स्वयंसेवकच असतो, त्यामुळे थांबावे लागते. मला एप्रिलअखेरीस युरोपातले एक सदस्य मिळाले. तोवर 'ट्रिक्सी', म्हणजे डेबियन १३, प्रकाशित होण्याची तयारी सुरू होऊन बदल गोठवले जात होते, सगळेच व्यग्र होते. प्रश्नांचे दोन संच असतात : एक तत्त्वे आणि कार्यपद्धतीवर, दुसरा कौशल्यांवर. सगळे ईमेलवर चालते, पाठांतराचा उपयोग नसतो, कागदपत्रे उघडून उत्तरे दिली तरी चालतात. मी रोज रात्री मुलगी झोपल्यावर एखाददुसरा प्रश्न घेत असे. उत्तरे माझ्या शब्दांत आणि माझ्या पॅकेजांतली उदाहरणे देऊन लिहिली, त्यामुळे उलटप्रश्न कमी आले.

तत्त्वांच्या भागात परवान्यांच्या कसोट्या येतात. त्यांतल्या एका कसोटीचा आशय असा, की जुलमी राजवटीत राहणाऱ्या माणसाला आपली ओळख उघड केल्याशिवाय ते सॉफ्टवेअर बदलता आणि वाटता आले पाहिजे; परवाना त्याआड येत असेल तर तो मुक्त नव्हे. मी उत्तर लिहिले, आणि खाली एक वाक्य जोडले, की वापरणाऱ्याची ओळख झाकण्याचा हक्क जपणाऱ्या या प्रकल्पात काम करणाऱ्याला मात्र दोन पासपोर्ट घेऊन फिरावे लागते. माझ्या अॅप्लिकेशन मॅनेजरनी त्यावर लांब आणि गंभीर उत्तर पाठवले. लाखो यंत्रांवर जे जाते त्याची जबाबदारी कुणावर, हे ठाऊक असणे का आवश्यक आहे, असा त्याचा सूर होता. मुद्दा मला पटला. फक्त ती किंमत सर्वांना सारखी पडत नाही, एवढे मी कळवले, आणि त्यांनी ते अहवालात नोंदवले.

ट्रिक्सी ९ ऑगस्टला प्रकाशित झाली. त्यानंतर अहवाल सादर झाला, अंतिम निर्णय घेणाऱ्या खातेव्यवस्थापकांनी तपासून मंजुरी दिली, चावी संचात गेली आणि ऑक्टोबरमध्ये खाते उघडल्याचा ईमेल आला. खात्याचे नाव आपणच सुचवायचे असते. मी आडनाव नसलेले घेतले.

एकूण खर्च सांगायचा तर सदस्यत्वाला शुल्क नाही. कोचीचा प्रवास, पेनड्राइव्ह, झेरॉक्स आणि किरकोळ मिळून सात हजारांच्या आत भागले. साहाय्य न मिळते तर राहण्याचा खर्च याच्या कितीतरी पट झाला असता. शिकणाऱ्या किंवा नोकरीत नसलेल्या मुलींनी 'आउटरीची'कडे अवश्य पाहावे. हा उपक्रम ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात केवळ स्त्रियांसाठी सुरू झाला, २०१५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, आणि आता तो अधिक व्यापक आहे. तीन महिन्यांच्या कामासाठी सात हजार डॉलर विद्यावेतन मिळते आणि डेबियननेही त्यात वेळोवेळी भाग घेतला आहे. निवडीआधी प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते, म्हणून शेवटच्या आठवड्यात अर्ज करण्यात अर्थ नाही.

चावीला मी दोन वर्षांची मुदत ठेवली आहे. ती संपण्याच्या बऱ्याच आधी वाढवून संचाकडे पाठवावी लागते, नाहीतर अपलोड आणि मतदान दोन्ही अडते. मी फोनच्या कॅलेंडरवर आठवण लावून ठेवली आहे. डेबियनच्या विकीवर कोणत्या गावात कोण स्वाक्षरी देऊ शकते याची यादी असते, आणि पुण्याच्या नोंदीत आता मीही आहे. येताना छापील ठसा आणि सरकारी ओळखपत्र आणावे. चावीवर दोन नावे असतील तर रद्द झालेला जुना पासपोर्ट, लग्नाचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, यांपैकी जे असेल ते बरोबर ठेवावे. मी दोन्ही नावे तपासते.